ग्राफिक्स कार्डाचे पैसे माइकला द्या

घरी रेकॉर्डिंग करण्यासाठी कॉम्प्युटर जोडून घेणाऱ्यांची पत्रं या वेळी इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या खेपेला ढकलले आहेत.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे. पेटी, पखवाज, टाळ आणि तीन-चार गळे. अभंग रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचे आहेत. दुकानदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये जवळजवळ एक तृतीयांश रक्कम ग्राफिक्स कार्डाची आहे. ‘एडिटिंगला लागतंच’ म्हणतो. घ्यावं का? (इचलकरंजी)

नको. पडद्यावरचं चित्र काढणारं हे कार्ड गेम खेळणाऱ्याला लागतं, जड व्हिडिओ कापणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. आवाजाचं जवळजवळ सगळं काम प्रोसेसर करतो. पडद्यावर चित्र उमटण्यापुरती सोय बहुतेक प्रोसेसरमध्येच असते, फक्त मॉडेलचं नाव शेवटपर्यंत वाचा. इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये ही सोय आहे, १२४००एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझन ५ ७६०० मध्ये आहे, जुन्या ५६०० मध्ये नाही, पण ५६००जी मध्ये आहे. दुकानात ‘एफ’वाला थोडा स्वस्त म्हणून पुढे करतात आणि मग कार्ड घ्यावंच लागतं.

आता तुमच्या कामाचा हिशोब. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मापं, प्रत्येक माप २४ बिटचं) एका माइकचा आवाज सेकंदाला १४४ किलोबाइट जागा खातो. आठ माइक तासभर चालू ठेवले तर चार जीबीच्या आसपास. वर सांगितलेला कुठलाही सहा कोअरचा, म्हणजे आत स्वतंत्र काम करणारे सहा भाग असलेला, प्रोसेसर हे हसत करेल.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे आणि कोटेशनमध्ये तिचा उल्लेखही नाही. माइक कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस किती माइक घेतो? बाजारात सर्वाधिक खपणारे दोन माइकचे असतात. एकट्या गायकाला ते पुरतात. पण भजन एकेक वाद्य वेगळं वाजवून जोडायला गेलात, हेडफोनमध्ये मेट्रोनोमची टिकटिक लावून पखवाज वाजवला, तर ठेक्यातला जीव जातो. मंडळ एकत्र बसूनच गाणार. पखवाजाच्या दोन्ही तोंडांना दोन, पेटीला एक, गळ्यांना तीन-चार, टाळांना एक. म्हणजे आठ. बेहरिंगरच्या यूएमसी१८२० सारख्या इंटरफेसला आठ माइक जोडता येतात. फोकसराइटचा १८आय२० त्याहून महाग, पण त्यालाही आठ. कार्डाचे वाचलेले पैसे इथे घाला. आणि टाळकऱ्यांना गायकांपासून चार-पाच फूट लांब बसवा, नाहीतर टाळ प्रत्येक माइकमध्ये शिरतात आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाहीत.

प्रश्न : मी नाटकांना पार्श्वसंगीत करतो. व्हायोलिन, सतार वगैरे सॅम्पल लायब्ररी (आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संग्रह) वापरतो. १६ जीबी रॅम पुरेल की ३२? आणि एसएसडी जनरेशन ५ची घ्यावी का? (पुणे)

तुमच्यासाठी ३२, आणि १६च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली की मेमरीचा वेग निम्म्यावर येतो. रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून बरेच चढले आहेत, त्यामुळे ६४चा मोह आवरा. फक्त गाणी रेकॉर्ड करणाऱ्याला १६ आजही पुरतात.

कॉन्टॅक्टसारखा सॅम्पलर, म्हणजे लायब्ररी वाजवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक सुराचा फक्त सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतो आणि तुम्ही कीबोर्डची पट्टी दाबलीत की उरलेला भाग डिस्कवरून ओढतो. म्हणून लायब्ररी फिरत्या हार्डडिस्कवर असली की सूर गळतात. एसएसडीवर आली की हा त्रास संपतो, मग ती सेकंदाला साडेपाचशे एमबी वाचणारी साधी, जुन्या साटा जोडणीची एसएसडी असली तरी. जनरेशन ५ची डिस्क महाग असते आणि तापते. तिचा जादा वेग तुमच्या सतारीला कळणारही नाही. त्या पैशांत दोन डिस्क घ्या. विंडोज आणि चालू प्रोजेक्ट ५०० जीबीवर, लायब्ररी एक किंवा दोन टीबीवर. मदरबोर्ड निवडताना अशा डिस्क बसवायचे एम डॉट टूचे दोन स्लॉट आहेत ना, एवढं बघा. जुनी हार्डडिस्क फेकू नका, बॅकअपला ती उत्तम.

प्रश्न : बारा कोअरचा रायझन, ३२ जीबी रॅम, मोठं ग्राफिक्स कार्ड. तरीही गिटार रेकॉर्ड करताना क्लिक येतात, आवाज तुटतो. टास्क मॅनेजर २० टक्केच वापर दाखवतो. प्रोसेसर आणखी वरचा घेऊ का? (नागपूर)

थांबा, खिशात हात घालू नका. तुमच्याकडे ताकद भरपूर आहे, वेळ पाळली जात नाही.

तुमचा बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा (मापांचा) आहे असं धरू. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत कॉम्प्युटरने पुढचा घास तयार करून इंटरफेसला द्यायचा, सेकंदाला ३७५ वेळा, एकदाही न चुकता. पंगतीत वाढपी कितीही चपळ असो, पान रिकामं झाल्यावर पोहोचला तर उपयोग काय? एकदा उशीर झाला की एक क्लिक. टास्क मॅनेजर बराच वेळ घेऊन सरासरी काढतो, त्यात ही दोन मिलिसेकंदांची चूक दिसतच नाही. शिवाय एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेले प्लगइन (आवाजावर परिणाम करणारी छोटी सॉफ्टवेअरं) सहसा एकाच कोअरवर चालतात, कारण आधीच्याचं काम झाल्याशिवाय पुढच्याला सुरुवात करता येत नाही. गिटारच्या ट्रॅकवर ॲम्प सिम्युलेटर, त्यावर रिव्हर्ब, त्यावर आणखी काही असेल तर एक कोअर घामाघूम आणि अकरा कोअर निवांत.

आधी लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर उतरवा. घरगुती वापरासाठी ते फुकट आहे. दहा मिनिटं चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला अडवून धरतो त्याचं नाव ते सांगतं. बहुतेक वेळा आरोपी वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर निघतो. वाय-फाय बंद करून बघा. क्लिक थांबले तर नेटची वायर ओढा, प्रश्न मिटला. नाही थांबले तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला, किंवा एक दिवस कार्ड काढून ठेवा. तुमच्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय असेल तरच, अर्थात.

त्यानंतर विंडोजचा पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, नाहीतर प्रोसेसर मधूनमधून डुलक्या काढतो. इंटरफेस कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीतून काढून मागच्या, मदरबोर्डच्या पोर्टात थेट लावा; मध्ये हब नको. एएमडीच्या ५०० मालिकेतल्या बोर्डांवर यूएसबी मध्येच तुटण्याचा त्रास होता, २०२१च्या बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने तो बराच गेला. तुमचा बोर्ड त्यातला असेल आणि बायोस जुनं असेल तर इथेच उत्तर आहे. ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीचाच असू द्या. एएसआयओ४ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर इंटरफेस नसलेल्यांसाठीचा तात्पुरता उपाय आहे, तुम्हाला त्याची गरज नाही.

आणि बफर १२८वरच ठेवण्याचा हट्ट का? २.७ मिलिसेकंदांत आवाज हवेतून जेमतेम तीन फूट जातो. येताना एक बफर, जाताना एक आणि वर ड्रायव्हरचा थोडा, असा मिळून वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतचा खरा उशीर याच्या दुपटी-तिपटीचा असतो, तरी बहुतेकांना तो खटकत नाही. रेकॉर्डिंगला १२८, जमत नसेल तर २५६. मिक्सिंगला बसलात की सरळ १०२४ करा, तिथे उशिराने काही बिघडत नाही. ९६ किलोहर्ट्झवर काम करत असाल तर ४८वर या. ९६ला त्याच बफरसाठी निम्माच वेळ मिळतो आणि गिटारच्या आवाजात फरक शोधावा लागतो.

एक नागपुरी शंका: हे सगळं एप्रिल-मेमध्येच होतं का? तसं असेल तर कॅबिनेट उघडून धूळ झटका. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

प्रश्न : इंटेलचा सेकंडहँड आय९-१३९००के प्रोसेसर स्वस्तात मिळतोय. घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

सोडून द्या. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या जास्त वॅटच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना चुकीच्या व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. २०२४मध्ये कंपनीने दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) काढला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पण आधीच बिघडलेली चिप त्याने सुधारत नाही, आणि विकणारा ती कशी वापरत होता हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

प्रश्न : लाइट वारंवार जाते. शिवाय गिटार लावली की स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो. चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) घेतला तर थांबेल का? (चिपळूण)

एसएमपीएस चांगला घ्याच, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचा) शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा. तुमच्या भागात व्होल्टेज नाचतं तेव्हा तोच बाकीचे भाग वाचवतो. पण घूं त्याने जाईलच असं नाही.

गिटार हातात धरून जागच्या जागी फिरा. आवाज कमी-जास्त झाला तर तो गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा (तारांचा कंप पकडणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागाचा) आहे. मॉनिटर आणि ट्यूबलाइटपासून लांब बसा. काहीच फरक पडला नाही तर अर्थिंगकडे वळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा घूं ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो. कोकणातल्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, त्यामागे वायर असेलच याची खात्री नसते. वायरमनला बोलावून मीटरने मोजून घ्या. कॉम्प्युटर, इंटरफेस, स्पीकर हे सगळं एकाच बोर्डावर लावा. दोन खोल्यांतल्या दोन सॉकेटवरून वीज घेतली की त्यांच्या अर्थिंगमधून फेरा तयार होतो आणि तो ऐकू येतो. घूं घालवायला प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एका हातात गिटारची तार, ओठाला माइकची जाळी, अशा माणसाला अर्थिंग नसणं जिवावर बेतू शकतं.

लाइट जाण्याचं म्हणाल, तर ग्राफिक्स कार्ड नसलेली अशी मशीन काम करताना साधारण शंभर-दीडशे वॅट ओढते. ६०० व्हीएचा यूपीएस सेव्ह करून बंद करायला पुरतो. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर रेकॉर्डिंग नको, त्याची भुणभुण थेट ट्रॅकमध्ये उतरते. पावसाळ्यात माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : कॉम्प्युटर आणि माइक एकाच खोलीत आहेत. आवाज कमी करायला वॉटर कूलिंग घ्यावं का? (डोंबिवली)

नाही. पंप सतत गुणगुणतो. उभा मोठा हीटसिंक आणि त्यावर सावकाश फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा ६५ वॅटच्या प्रोसेसरला पुरून उरतो. कॅबिनेट माइकच्या पाठीमागे येईल असं ठेवा. कार्डिऑइड माइकला मागचं कमी ऐकू येतं. आणि गाताना सिलिंग फॅन बंद करता ना?

प्रश्न : मी एकटाच गातो, गिटार वाजवतो. कॉम्प्युटर जोडून घेण्यापेक्षा मॅक मिनी बरा का? (म्हापसा)

तुमच्या बाबतीत, हो. २०२४च्या एम४ मॅक मिनीत सुरुवातीलाच १६ जीबी रॅम आहे, भारतात तो ५९,९०० रुपयांना आला. पंखा जवळजवळ ऐकूच येत नाही, ऑडिओ ड्रायव्हरची कटकट विंडोजपेक्षा पुष्कळ कमी, आणि लॉजिक हे ॲपलचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हवं असेल तर ते फक्त मॅकवरच चालतं. रॅम नंतर वाढवता येत नाही आणि २५६ जीबी डिस्क लवकर भरते, पण तुम्ही पुण्याच्या पत्रासारखे सॅम्पल लायब्ररीवाले नाही. बाहेरून एसएसडी लावली की काम भागतं. जुने यूएसबी प्लग थेट बसणार नाहीत, तेवढा अडॅप्टर घ्या. तुमच्या इंटरफेसच्या कंपनीने नव्या मॅकओएससाठी ड्रायव्हर दिला आहे की नाही, हे मात्र पैसे देण्याआधी बघा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. पंधरा हजारांच्या वर जाता येत नाही. कुठला कॉम्प्युटर घेऊ? (सोलापूर)

ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क शोधा, पण आठव्या पिढीच्या खालचा नको. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते. आय५-८५०० मिळाला तर सहा कोअर मिळाले. आठ जीबी रॅम असेल तर चालवून घ्या आणि पुढे वाढवा, एसएसडी मात्र पहिल्या दिवशीच हवी. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या: साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा, आणि जुन्या मशीनवर ते हलकं चालतं. प्लगइन जड झाले की तो ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे परिणामांसकट तयार आवाज करून ठेवा. या मशीनचे एसएमपीएस बहुतेक कंपनीच्याच मापाचे असतात, बाजारातला बसत नाही, म्हणून दुकानातच अर्धा तास चालू ठेवा, हेडफोन लावा, पंखा घरघरतो का ते ऐका आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.