बोर्डिंगात घालावे की आईजवळ ठेवावे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाऊ वारला. वहिनी जत तालुक्यात राहते आणि हंगामात दिराबरोबर अर्धा कोयता (जोडीतील एक मजूर) म्हणून ऊसतोडीला जाते. नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा तिच्याबरोबर फडावर (उसाच्या शेतात) जातात, त्यामुळे दिवाळीनंतर त्यांची शाळा बंद पडते. दोघांना सांगलीकडच्या एका ख्रिस्ती संस्थेत ठेवावे, तेथे सारे मोफत होईल, असे आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात. वहिनीचे माहेर हिंदू असून मुलांचा धर्म बदलला जाईल अशी त्यांना धास्ती वाटते. काय करावे?
— एक भगिनी, मिरज

उत्तर : पाळकसाहेबांच्या हेतूबद्दल शंका नाही, मात्र ज्या मुलांची आई हयात आहे आणि जिला ती हवी आहेत, त्यांच्यासाठी संस्था हा शेवटचा उपाय मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना व स्त्रियांना केडगावला आसरा दिला, तेव्हा त्यांतील अनेकींना परत जायला घरच उरले नव्हते. आज संस्थेच्या दारात येणाऱ्या अनेक मुलांना आई असते, आजी असते. नसतो तो पैसा, आणि हंगामात त्यांच्याकडे पाहणारे माणूस. बायबलमधील याकोबाच्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा उल्लेख एका दमात येतो. आपल्या मंडळ्या (चर्च) मात्र मुलांसाठी वर्गणी काढतात आणि त्यांच्या आईला विसरतात.

म्हणून आधी सांगलीच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करावा. एक पालक गमावलेल्या मुलांनाही ही योजना लागू असून, चौकशीनंतर बालकल्याण समितीने (मुलांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीने) मान्यता दिल्यास प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. भावाच्या मृत्यूचा दाखला, तहसीलदारांकडचा उत्पन्नाचा दाखला, मुलांची बोनाफाईड प्रमाणपत्रे, आधार कार्डे आणि बँकेचे पासबुक जवळ असू द्यावे. वहिनींसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात वेगळा करावा लागेल. गावच्या जिल्हा परिषद शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर होऊ शकते का, हेही मुख्याध्यापकांना विचारावे. त्यात मुले गावातच आजी-आजोबांकडे राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय होते. मुकादमाची उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) बहुधा पावसाळ्यातच घेतली जाते आणि ती एकदा घरात खर्च झाली की फडावर जाण्यावाचून गत्यंतर नसते, त्यामुळे मंडळीला काही द्यायचे असेल तर ते त्याआधी द्यावे. नाताळात दिलेले कपडे या कामी येत नाहीत.

एवढे करूनही जमले नाही, तर संस्थेचा विचार जरूर करावा. बोर्डिंगात राहून शिकण्यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली शेजारच्या साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले, त्या परंपरेतच आपला हा भाग शिकला. मात्र शाळेला जोडलेले वसतिगृह आणि बालगृह यांत फरक आहे. वसतिगृहात पालक स्वतः प्रवेश घेतात. बालगृहात मूल बालकल्याण समितीच्या आदेशानेच ठेवले जाते, आणि अशा संस्थेची बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी असावीच लागते, मग ती सरकारी अनुदान घेत असो वा नसो. नोंदणीचे प्रमाणपत्र मागायला संकोच करू नये. मुलग्यांची आणि मुलींची बालगृहे बहुधा वेगळी असतात, म्हणजे वडील गमावलेली ही भावंडे एकमेकांनाही दुरावू शकतील, हे वहिनींना आधीच सांगावे.

संस्था पाहायला गेल्यावर प्रार्थनागृह पाहून भारावून न जाता, मुले झोपतात ती खोली पाहावी, प्रत्येकाला स्वतःची पेटी आहे का, आणि आईचा फोन आल्यावर मुलाला एकट्याने बोलता येते का, हे विचारावे. आईने कधी भेटावे याचे उत्तर जेथे चटकन मिळत नाही, तेथे मूल ठेवू नये.

धर्माविषयीची धास्ती उडवून लावण्यासारखी नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, असे संविधानाचे कलम २८(३) सांगते. वहिनींनी आपली इच्छा प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावी. त्या कागदामुळे जी संस्था नाराज होईल, तिच्या सेवाभावाबद्दल मीच साशंक राहीन.

प्रश्न : आमच्या तरुण संघाने नाताळात एका बालगृहात जेवण दिले. मुलांबरोबरचे फोटो फेसबुकवर टाकल्याबद्दल अधीक्षकांनी आम्हाला झापले. यात एवढे काय बिघडले?
— एक तरुण, सातारा

उत्तर : अधीक्षकांचे बरोबर आहे, फोटो आजच काढून टाका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय नाताळात ताटे वाढायला पुष्कळ हात येतात; जूनमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवायला आठवड्यातून दोन संध्याकाळी कोणी येईल का, हे अधीक्षकांना विचारून पाहा.

प्रश्न : मी ज्या बालगृहात शिकवतो, तेथील एका मुलाला येत्या वर्षी अठरा पूर्ण होतील. त्याचे आई-वडील दोघेही नाहीत. पुढे त्याने कोठे जावे?
— एक शिक्षक, कराड

उत्तर : बाहेर पडण्याच्या दिवसाची वाट न पाहता संस्थेमार्फत महिला व बालविकास विभागाकडे अनाथ प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, कारण राज्यात शिक्षण आणि शासकीय नोकरी यांत अनाथांसाठी २०१८ पासून असलेले एक टक्का आरक्षण या प्रमाणपत्रावाचून मिळत नाही. अठरानंतरच्या अनुरक्षणाची (संस्था सोडल्यावर मिळणाऱ्या आधाराची) तरतूद कायद्यातच आहे. त्याचा प्रस्तावही सोबतच पाठवावा. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते एवढे तरी संस्था सोडण्यापूर्वी त्याच्या हाती असावे.