शोरूम चकाचक करू, की मेकॅनिक सांभाळू?

प्रश्न : सांगलीत मारुती चौकाच्या जवळ आमचं टीव्ही, फ्रीज, मिक्सरचं दुकान आहे. १९९१ साली मी ते सुरू केलं. गाळा स्वतःचा, ९०० चौरस फूट. माझं वय ५८. विश्रामबागेकडं मोठ्या साखळी कंपन्यांची एसी दुकानं झाली तसं आमचं गिऱ्हाईक तिकडं वळलं. वर्षाची उलाढाल १ कोटी ८० लाख आहे, त्यात टीव्ही आणि मोबाइल ७० लाखांचे. दुरुस्ती आणि एसी बसवण्याचे, सुटे भाग वजा जाता, महिन्याला ६० हजार येतात. सगळं जाऊन वर्षाला ८ लाखांच्या आसपास उरतात.

मुलगा २७ वर्षांचा आहे. त्याचं म्हणणं, राहतं घर तारण ठेवून ४० लाख काढू आणि दुकान त्यांच्यासारखंच करू : काच, एसी, मोठे डिस्प्ले. दुसरीकडं एका औषध दुकानांच्या साखळीनं सगळा गाळा ४० हजार भाड्यानं मागितला आहे. २०१९ च्या पुरात दुकानात पाच फूट पाणी होतं, हेही सांगून ठेवतो. आणखी एक. आमच्या मेकॅनिकला २४ हजार पगार आहे, बावीस वर्षं आमच्याकडं आहे. पुरानंतर दोन महिने तो रात्री अकरापर्यंत लोकांची वॉशिंग मशीन उघडून वाळवत होता. त्याला आता मिरजेतून ३२ हजारांचं बोलावणं आलंय. मुलगा म्हणतो, जाऊ दे, कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहेच. काय करावं?

उत्तर : नमस्कार. पत्रासोबत हिशेबाची पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. बरेच जण नुसती काळजी पाठवतात आणि आकडे विचारले की गप्प बसतात.

तुमच्या वहीत विक्री आणि दुरुस्ती एकाच पानावर आहे. मी ती वेगळी केली. विक्रीत कंपनीच्या स्कीमा आणि क्रेडिट नोटा धरून तुम्हाला साडेसात टक्के सुटतात, म्हणजे साडेतेरा लाख. त्यातून दोन सेल्समन, टेंपो-हमाली, लाईट बिल, बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज, सीएची फी आणि किरकोळ मिळून ८ लाख ६६ हजार जातात. उरले ४ लाख ८४ हजार. दुरुस्तीत वर्षाला ७ लाख २० हजार येतात. मेकॅनिक आणि त्याच्या हाताखालचा पोरगा यांचे पगार ४ लाख ८ हजार. उरले ३ लाख १२ हजार.

आता औषधवाल्यांचं भाडं बघा : महिना ४० हजार म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. अख्खं वर्ष खोकी विकून तुम्हाला जे सुटतं, तेवढं गाळा नुसता भाड्यानं दिला तरी येतं. शिवाय मालात तुमचे स्वतःचे १४ लाख अडकलेत. सात टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला ९८ हजार. म्हणजे गाळ्याचं भाडं आणि पैशाचं व्याज धरलं, तर विक्रीचा धंदा वर्षाला लाखभर तोट्यात आहे, आणि त्यात तुमचा नि मुलाचा पगार मी अजून लावलेलाच नाही. गाळा स्वतःचा असला की हे दिसत नाही. गावोगावच्या जुन्या दुकानांत मला हेच सापडतं. वडिलांनी घेतलेली जागा मुलाचा तोटा झाकत राहते, आणि सगळ्यांना वाटतं दुकान चाललंय.

दुरुस्तीला मात्र जागा लागते एक कोपरा आणि माल म्हणाल तर सुट्या भागांची दोन कपाटं.

मुलाची योजना या चित्रावर ठेवून बघू. ४० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं : हप्ता साधारण ५४ हजार. मोठं दुकान म्हटलं की आणखी दोन-तीन पोरं, एसीचं वाढीव बिल, सफाई, मिळून ४५ हजार धरा. महिन्याला ९९ हजार, वर्षाला जवळजवळ १२ लाख. साडेसात टक्क्यांनी १२ लाख कमवायला १ कोटी ५८ लाखांची जादा विक्री लागेल. म्हणजे आजच्या १ कोटी ८० लाखांचे ३ कोटी ३८ लाख झाले, तर तुम्ही आज जिथं आहात तिथंच असाल. हप्ता संपेल तेव्हा तुमचं वय ६८ आणि तोवर घराचा कागद बँकेत.

आणि ते साडेसात टक्के तरी टिकतील का? मोठ्या दुकानांचा धंदा कसा चालतो ते मुलाला नीट समजावून सांगा, कारण बाहेरून फक्त काच दिसते. टाटांचं क्रोमा २००६ साली मुंबईत जुहूला सुरू झालं, रिलायन्स डिजिटल त्याच्या पुढच्या वर्षी. विजय सेल्स तर १९६७ पासूनचं. ही मंडळी शेकडो दुकानांची खरेदी एकदम करतात. तुम्हाला डिस्ट्रिब्युटरकडून जो डीपी, म्हणजे डीलरचा भाव, पडतो त्याच्या खाली त्यांची खरेदी असते. वर स्वतःच्या नावाचे टीव्ही-पंखे असतात, वाढीव वॉरंटीची विक्री असते, आणि खरं मार्जिन तिथं असतं. दुकानात फिरणाऱ्या पोरांपैकी बरीचशी त्या त्या कंपनीचे प्रमोटर असतात, त्यांचा पगार दुकान देत नाही. 'नो कॉस्ट' हप्त्याचंही तसंच. शून्य टक्के व्याजाच्या योजना रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बंद करायला लावल्या. आज जे चालतं त्यात व्याज असतंच, फक्त ते सवलतीच्या रूपानं कंपनी किंवा दुकानदार भरतो. त्यांच्या बाबतीत कंपनी भरते. तुमच्या पानावर या व्याजापोटी 'डीबीडी' म्हणून जी रक्कम कापलेली दिसते, ती तुमच्या खिशातली आहे. काच लावून यातलं काहीच बदलत नाही.

त्यांचं सगळंच वाईट आहे असंही नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एका मोठ्या साखळी दुकानातून वॉशिंग मशीन घेतलं. ओळखीच्या दुकानापेक्षा ३,२०० रुपये स्वस्त पडलं, जुनं मशीन त्यांनीच उचलून नेलं, बिल मोबाइलवर आलं. एक पोरगा दुसऱ्या कंपनीचं मशीन बघूच देईना, तेव्हा कळलं की हा प्रमोटर. पण मुद्दा पुढचा. मशीन दुसऱ्या दिवशी घरी आलं आणि ते जोडायला माणूस आला नवव्या दिवशी. दुकानात फोन केला की 'कंपनीच्या हेल्पलाईनला लावा', हेल्पलाईनवर 'विनंती नोंदवली आहे'. नऊ दिवस आमच्या बाथरूमच्या दारात ते खोकं उभं होतं आणि बायको माझ्याकडं बघत होती. त्या ३,२०० रुपयांची आठवण घरात आजही कुणी काढत नाही.

तुमच्या मुलाला ज्या जागी मोठी दुकानं बलदंड दिसतात तिथं ती आहेतच. पण खोकं घरी पोचल्यानंतर त्यांचा हात सुटतो.

अमेरिकेत याच धंद्यात एक मोठं उदाहरण घडून गेलंय. सर्किट सिटी नावाची कंपनी १९४९ सालची, एके काळी तिकडची या क्षेत्रातली पहिली. तिथले सेल्समन जाणकार, कमिशनवर काम करणारे. २००३ साली कंपनीनं कमिशन बंद केलं आणि हजारो लोक कमी केले. मार्च २००७ मध्ये आणखी ३,४०० जणांना घरी पाठवलं, कारण काय, तर त्यांचा पगार बाजारापेक्षा जास्त होता. त्यांच्या जागी कमी पगाराची नवी माणसं घेतली. म्हणजे ज्यांना धंदा येत होता तेच नेमके गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि मार्च २००९ पर्यंत शेवटची दुकानं बंद झाली. मंदी होती, जागांचे करार महाग होते, इतर चुकाही होत्या. सगळं खापर त्या एका निर्णयावर फोडणार नाही. पण तिची प्रतिस्पर्धी बेस्ट बाय त्याच काळात उलट वाटेनं गेली. २००२ साली तिनं गीक स्क्वॉड ही घरी येऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणारी छोटी कंपनी विकत घेतली आणि दुकानादुकानात तिची माणसं बसवली. पुढं ऑनलाइन विक्रीनं तिलाही जेरीस आणलं, २०१२ च्या सुमारास तीही बुडणार असंच लोक धरून चालले होते. तिनं भाव ऑनलाइनच्या बरोबरीला आणले, दुकानातल्या माणसांना शिकवलं, सेवा वाढवली. ती अजून उभी आहे.

'जाऊ दे, सर्व्हिस सेंटर आहेच' हे वाक्य वाचल्यावर मला ते ३,४०० जण आठवले.

पुराचं तुम्ही सहज लिहिलंय, पण ४० लाखांच्या योजनेला माझा सगळ्यात मोठा आक्षेप तिथंच आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा पाणी आलं, २००५ तुम्हाला आठवत असेलच. माल दोन दिवस आधी टेंपोत घालून हलवता येतो. प्लायवूडचं फर्निचर, पीओपी, डक्टिंग, भिंतीतली वायरिंग हलवता येत नाही. घर तारण ठेवून पुराच्या जागी तळमजल्यावर प्लायवूड लावू नका. आज मालाचा विमा किती रकमेचा आहे आणि त्यात पूर आहे का, एवढं मात्र आजच पॉलिसी काढून वाचा.

मग गाळा देऊन मोकळं व्हावं का? नुसत्या आकड्यांवर तो पर्याय शोरूमपेक्षा कितीतरी शहाणपणाचा आहे. तुम्ही थकला असाल आणि मुलगा नोकरी करणार असेल, तर द्या. पण तुमच्या पत्रात थकलेला माणूस दिसत नाही. म्हणून तिसरी वाट सुचवतो.

टीव्ही आणि मोबाइल सोडून द्या. ७० लाखांच्या या विक्रीत तुम्हाला साडेचार टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार सुटतात आणि १६ लाखांचा माल अडकतो. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, विक्री वाढेलही. पण ती वाढ भाव पाडणाऱ्याकडं जाईल. बसवायला, जोडायला, वर्षादोन वर्षांनी बघायला माणूस लागतो तेवढाच माल ठेवा : वॉशिंग मशीन, फ्रीज, एसी, गीझर, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर, घरगुती आटाचक्की, आणि मिक्सर तर सांगलीत तुमच्याच नावानं विकला जातो म्हणता. सुटलेल्या १६ लाखांतले ११ लाख सीसीत भरा. सव्वा लाखाच्या आतबाहेर व्याज वाचेल. एक सेल्समन कमी होईल, त्याला काढू नका, दुरुस्तीच्या तक्रारी घेणं नि फोनवर पाठपुरावा करणं याच कामाला बसवा. त्याचा पगार विक्रीत न धरता दुरुस्तीत धरा, मग कळेल तो किती कामाचा आहे.

उरलेले ५ लाख सेवेवर. एक एसी शिकलेला दुसरा मेकॅनिक, व्हॅक्यूम पंप आणि गॅसची साधनं, सुट्या भागांची कपाटं पाच फुटांच्या वर. आणि विकलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद गिऱ्हाइकाच्या मोबाइल नंबरासकट. ३४ वर्षांची बिलबुकं माळ्यावर पडलीत असं लिहिलंय तुम्ही. पाण्यातून वाचली असतील तेवढी मुलाकडून कॉम्प्युटरवर चढवून घ्या. पोराला शोरूम हवंय ना, हे त्याचं शोरूम. मिरजेतले दवाखाने, विश्रामबागेतली मुलांची होस्टेलं, खानावळी यांचे एसी, वॉटर कूलर, फ्रीज वर्षाच्या करारावर घ्यायला त्यालाच पाठवा. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर घेण्याचा मोह होईल. घेतलंत तर एकाच कंपनीचं घ्या. कंपनी दर कॉलचे पैसे कमी देते आणि तेही उशिरा.

माल कमी झाला की ४०० फूट पुरे. बाकीचे ५०० फूट भाड्यानं द्या. चाळीस हजारांच्या हिशेबानं २२ हजार मागायला हरकत नाही. करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणी करूनच, तीन वर्षांचा. तुमची जीएसटी नोंदणी असल्यानं भाड्यावर १८ टक्के वेगळे लावावे लागतील, हे समोरच्याला आधीच सांगा. आयकरात या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. पूर आला तर किती दिवसांचं भाडं माफ, हे कलम करारात घाला, नाहीतर त्या ऑगस्टमध्ये भांडण ठरलेलं.

तुमच्या पानांवर उधारीचे ६ लाख येणं आहेत, त्यातले उसाचं बिल आल्यावर देतो म्हणणाऱ्यांचे येतील. बाकीच्यांना नवीन वस्तू फायनान्सवर द्या.

या सगळ्यातून पहिल्या वर्षी फार चमत्कार दिसणार नाही. दुसऱ्या मेकॅनिकनं नुसता स्वतःचा पगार काढला तरी तुम्ही ८ लाखांच्या आसपासच राहता, आणि घर गहाण पडत नाही.

आता तुमचा जुना मेकॅनिक. त्याला ३२ हजार करा. वर्षाला ९६ हजार होतात. मुलाच्या कर्जाचे दोन हप्तेसुद्धा नाहीत. वार्षिक करारांच्या रकमेत त्याला दहा टक्के वाटा द्या. तो तिसऱ्या मजल्यावर लोंबकळून एसीचे आउटडोअर बसवतो, त्याचा दहा लाखांचा अपघात विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा दुकानाच्या खर्चानं काढा. बाकी सगळं गुढीपाडव्यापर्यंत सावकाश केलं तरी चालेल. त्याच्याशी मात्र या रविवारी, मुलाला शेजारी बसवून बोला. मिरजेचा माणूस त्याला पुन्हा फोन करायच्या आत.