मॅडलिन मॅककॅन केसमध्ये पोलिसांनी आईवडिलांनाच संशयित ठरवलं होतं, मग तेच दोषी ना?

नाही, संशयित म्हणजे दोषी नव्हे, त्यांच्यावर कधी आरोपपत्रसुद्धा दाखल झालं नाही. ३ मे २००७ ला पोर्तुगालच्या प्राया दा लूझमधून ३ वर्षांची मॅडलिन गायब झाली आणि सप्टेंबरात आईवडिलांना 'आर्गीदो' केलं, आता हा तिथला कायदेशीर दर्जा आहे, त्यात वकील मिळतो, गप्प राहायचा हक्क मिळतो, पण टॅब्लॉइडवाल्यांनी जवळजवळ गुन्हेगारच करून टाकलं. जुलै २००८ मध्ये पुराव्याअभावी तपास थांबला, दर्जाही काढला. हां, २०१७ ला तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की तपास बंद होणं म्हणजे निर्दोष ठरणंही नाही. जर्मन पोलिसांचा संशय २०२० पासून दुसऱ्याच एका माणसावर आहे.