अपील कंपनीचं, दिवस तुमचे

अमेरिकेतल्या एडिसनहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. तिथल्या नोकरीच्या एच-१बी व्हिसाची मुदतवाढ नाकारली गेली. कंपनीचे वकील म्हणतात, 'अपील करतोय, शिवाय ६० दिवस आहेतच.' तुम्ही विचारता, अपील चालू असेपर्यंत इथे राहून काम करता येईल का, आणि डिपोर्टेशन कोर्टात थांबवता येईल का. याच अर्थाची पत्रं मला दर आठवड्याला येतात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

तुमची आय-९४, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद, ३१ मार्चला संपली. सगळं या एका तारखेवर ठरतं.

ज्या ६० दिवसांच्या भरवशावर तुम्ही बसला आहात, तो नियम वकिलांनी अर्धाच सांगितला. नोकरी सुटल्यावर इथे राहायची सवलत ६० दिवसांची किंवा आय-९४ संपेपर्यंतची, यांतलं जे आधी संपेल तेवढीच. तुमची मार्चमध्येच संपली, म्हणजे हाती शून्य दिवस. त्यानंतर तुम्ही कामावर होतात ते अर्ज वेळेत गेला म्हणून. प्रलंबित अर्जावर २४० दिवसांपर्यंत काम चालतं. ती सावली ९ जूनला, नकाराच्या दिवशी गेली. १० जूनपासून तुमचा बेकायदा मुक्काम मोजला जातोय. कंपनीनं नकाराचं पत्र तुम्हाला २४ जूनला दाखवलं हे खरं, पण केस नंबर तुमच्याकडे होता, स्थिती ऑनलाइन दिसते, आणि तुम्ही चार महिन्यांत एकदाही पाहिली नाही. 'पावती आली म्हणजे मुदत वाढली असं वाटलं' असं लिहिता. पावती म्हणजे फक्त अर्ज पोचला. नकारानंतरही तुम्ही काम केलंत, ते आजच थांबवा. मग पगाराचं काय हा वाद कंपनीशी स्वतंत्रपणे घालू.

आता अपील. आय-२९०बी हा अपिलाचा फॉर्म कंपनीनंच भरायचा. एच-१बीच्या नकाराविरुद्ध कर्मचाऱ्याला स्वतःला दाद मागता येत नाही. मुदत ३० दिवसांची, निर्णय टपालानं आला असेल तर ३३. त्या दिवसापर्यंत अर्ज कार्यालयात पोचायला हवा, नुसता पोस्टात पडून भागत नाही. भरू द्या त्यांना. पण अपील भरल्यानं तुमचे दिवस मोजायचे थांबत नाहीत. आणि वरचं अपील कार्यालय स्वतः सांगतं की फाइल हाती आल्यावर १८० दिवसांत निकाल द्यायचं त्यांचं उद्दिष्ट आहे. १८० दिवसांहून जास्त बेकायदा मुक्काम करून जो देश सोडतो, त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष उलटलं तर दहा. तुमचे १८० दिवस ६ डिसेंबरला भरतात. थोडक्यात, निकालाची वाट बघत इथे बसलात तर निकाल येईपर्यंत बंदी पक्की झालेली असेल. अपील जिंकलं तर हे गणित बदलू शकतं, पण 'पदाला विशिष्ट विषयातली पदवी लागतेच हे सिद्ध झालं नाही' असा नकार उलटवणं सोपं नसतं, आणि ते पत्र पूर्ण वाचल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

डिपोर्टेशनचा आदेश अजून निघालेलाच नाही, तेव्हा थांबवायचं काय? इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस आली तर मात्र तारीख चुकवू नका. गैरहजेरीत थेट आदेश होतो. त्या कोर्टांत तीस लाखांहून जास्त केसेस तुंबल्यात, म्हणून 'वेळ मिळेल' असा हिशेब मांडणारे भेटतात. तो मांडू नका.

दुसरी कंपनी तयार असेल तर तिनं लगेच, जादा शुल्क भरून जलद निर्णय मागावा आणि उशीर माफ करण्याची विनंती जोडावी. ती माफी अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, हक्क नाही. एच-१बीच्या लॉटरीतून पुन्हा जावं लागत नाही, या व्हिसाच्या सहा वर्षांतली मुदत शिल्लक असेल तर. माफी नाकारली गेली तर बाहेर जाऊन व्हिसा घ्यावा लागतो आणि तिथे राष्ट्राध्यक्षांच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशातलं एक लाख डॉलरचं शुल्क आड येऊ शकतं. त्या आदेशाला कोर्टात आव्हान दिलं गेलंय, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी काय लागू आहे ते पुन्हा तपासावं लागेल.

मुलीचा जन्म इथला, तिला काही धोका नाही. पत्नीच्या एच-४ (जोडीदाराच्या व्हिसाच्या) अर्जावर निर्णय आलाय का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. तिचे दिवस तिच्या नकारापासून वेगळे मोजले जातील.

नकारपत्राची सगळी पानं, त्याच्या पाकिटावरची तारीख आणि दोघांच्या आय-९४ या आठवड्यात पाठवा. जुलैअखेर नव्या कंपनीचा अर्ज गेला नाही तर परतीचं तिकीट काढा. आईला दिवाळीत येतो म्हणालात ना? दिवाळीपर्यंत थांबू नका, गणपतीला पोचा.