बागेचे प्रश्न : भिंतीपासून आठ फुटांवर कुठलं झाड लावू?

या वेळच्या पत्रांत एक गंमत दिसली, जवळजवळ प्रत्येकाने फुलाचा फोटो पाठवलाय आणि जागेबद्दल जेमतेम एक ओळ लिहिलीये. उलटं करा हो. गुलमोहर कसा दिसतो ते मला माहितीये, मला तुमची जागा बघायचीये, ऊन किती वाजता येतं आणि कधी जातं, ड्रेनेजचा पाइप कुठून गेलाय, डोक्यावरून वायर जाते का, ते सांगा. झाड त्यावरून ठरतं, फूल सगळ्यात शेवटी.

प्रश्न : ताई नमस्कार, घरासमोर 12 बाय 20 फुटांची मोकळी जागा आहे, भिंतीपासून साधारण 8 फुटांवर एक फुलांचं झाड लावायचंय. मला गुलमोहर पाहिजे, आमचे मिस्टर म्हणतात बहावाच. दोन महिने झाले, खड्डा खणून तसाच पडलाय. तुम्हीच काय ते सांगा.

उत्तर : सॉरी, पण दोघंही हरलात!

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, त्याची छत्री उंचीपेक्षा रुंद होते, 10 मीटर तर सहज पसरतो. मुळं वरवर धावतात, फरशी उचलतात, आणि लाकूड ठिसूळ त्यामुळे जोराच्या वाऱ्यात फांदी काडकन मोडते. मैदानाच्या कडेला त्याच्यासारखं झाड नाही, पण भिंतीपासून 8 फुटांवर नाही म्हणजे नाही. बहावा त्यातल्या त्यात शहाणा, पण तोही 10 मीटरच्या वर जातो आणि त्याच्या हात-दीड हात लांब काळ्या शेंगा पडत राहतात, त्या झाडायची तयारी आहे का मिस्टरांची?

हिशोब अगदी सोपा आहे. झाड पूर्ण वाढल्यावर किती रुंद होतं ते विचारायचं, त्याचं निम्मं करायचं, भिंतीपासून निदान तेवढं अंतर तरी हवंच. तुमच्याकडे 8 फूट आहे म्हणजे 16 फूट रुंदीपर्यंतचं झाड चालेल, त्याच्यापुढचं दर वर्षी करवत मागणार आणि एका बाजूने कापलेलं झाड कधीच सुंदर दिसत नाही.

मग राहिलं काय? भरपूर राहिलं. चाफा आहे, म्हणजे देवचाफा बरं का, सोनचाफा नाही, सोनचाफा मोठा वृक्ष होतो. रंग हवा असेल तर तामणीचं छोटं भावंड लॅजरस्ट्रोमिया इंडिका, ज्याची फुलं क्रेप कागदाला चुण्या पाडल्यासारखी असतात, ते नव्या फुटीवर फुलतं म्हणून थंडी संपता संपता हलकी छाटणी करायची. पांढरा कांचन तर झुडूपच राहतो, दोन-तीन मीटर. आणि माझा आवडता पारिजातक, पान हाताला लावून बघा, अगदी सँडपेपर, आणि फूल इतकं नाजूक की संध्याकाळी उमललं की पहाटे खाली. पण म्हणूनच त्याच्याखाली गाडी लावायची जागा नको, मातीच हवी, नाहीतर केशरी देठांचे डाग पुसत बसाल.

तुमच्या जागी मी असते तर चाफा लावला असता. थंडीत तो पानं गाळून नुसता जाड बोटांसारखा उभा राहतो, काहींना ते आवडत नाही, मला आवडतं, आणि तेवढे महिने घरात ऊन येतं हा फायदाच. फांदीपासून लावणार असाल तर कापलेली फांदी आठवडाभर सावलीत आडवी ठेवा, चीक वाळू द्या मग लावा, ओली लावली की बुडातून कुजते.

खणलेला खड्डा वाया जाणार नाही पण खोल असेल तर थोडा बुजवा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, खोल मात्र गोळ्याएवढाच. खोड जिथे मुळांपाशी रुंद होतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, लोक झाड घट्ट बसावं म्हणून खोल गाडतात आणि दोन-तीन वर्षांनी विचारतात वाढत का नाही. नर्सरीत सगळ्यात उंच रोप उचलायचा मोहही टाळा, छोट्या पिशवीत उंच वाढलेलं रोप म्हणजे आत मुळं गोल गोल फिरलेली असणार, पिशवी जरा सोडून बघा, दाखवत नाहीत म्हणाले तर दुसरं रोप घ्या.

प्रश्न : कंपाउंडच्या भिंतीलगत ओळीने एक्झोरा लावलाय, सगळी रोपं पिवळी पडलीत. खत दिलं, पाणी वाढवलं, तरी तसंच. बागेच्या मध्ये असलेला एक्झोरा मात्र मस्त हिरवागार आहे, एकाच दिवशी एकाच ठिकाणाहून आणलेली रोपं आहेत. असं का होत असेल?

उत्तर : उत्तर तुम्हीच लिहिलंय की, भिंत!

आधी एक पान तोडून बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं जाळीसारखं दिसत असेल तर झाडाला लोह मिळत नाहीये. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर गोष्ट वेगळी, मग नत्र कमी असू शकतं. तुमचं पहिलंच असणार अशी मला जवळजवळ खात्री आहे. एक्झोराला किंचित आम्ल माती लागते आणि भिंत बांधताना सिमेंट, चुना, प्लास्टरचे तुकडे सगळं तिथेच जमिनीत जातं, माती अल्कधर्मी होते. लोह मातीत असतंच, पण अशा मातीत ते मुळांना घेता येत नाही. म्हणून खत कितीही घाला, ढिम्म. बोअरचं जड पाणी असेल तर त्यात अजून भर.

एक फूटभर खणून बघा, विटांचे तुकडे निघतील. ते काढा, कंपोस्ट घाला, तात्पुरतं म्हणून चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करा, नवी पानं हिरवी येतील. गंधकाने माती सुधारते पण महिने लागतात. मला विचाराल तर ओळच दोन-तीन फूट पुढे घ्या. भिंतीला अगदी चिकटून लावायला कण्हेर सोसते अशी माती, पण थांबा, आधी पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : आमचा मुलगा दीड वर्षाचा आहे आणि घरात कुत्र्याचं पिल्लू पण आलंय. दोघंही दिसेल ते तोंडात घालतात. सासूबाईंनी लावलेली कण्हेर आहे, कुणी म्हणतं विषारी, कुणी म्हणतं काही होत नाही, आमच्याकडे इतकी वर्षं आहे. काढावी का?

उत्तर : काढा. सासूबाईंना माझं नाव सांगा.

कण्हेरीचं पान, फूल, फांदी, चीक, सगळं विषारी आहे आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. वाळलेलं पानही तितकंच वाईट, म्हणून छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका आणि जाळू तर अजिबात नका, धूरही त्रासदायक असतो. छाटताना हातमोजे घाला. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तिचं बी तर मुलांना खेळायला हवंहवंसं वाटेल असं असतं, तीही त्याच वर्गातली. "इतकी वर्षं काही झालं नाही" कारण इतकी वर्षं घरात दीड वर्षाचं कुणी नव्हतं.

आणि मला एक शंका आहे, तुमच्याकडे सायकस आहे का? तो ताडासारखा दिसणारा, कडक पानांचा? लोक कण्हेर काढतात आणि सायकस दिमाखात दाराशी ठेवतात, कुत्र्यांसाठी तो फार घातक आहे, त्याच्या बिया तर सगळ्यात जास्त. कुंडीतल्या डिफेनबेकियाचं, म्हणजे त्या मोठ्या, पांढरट ठिपक्यांच्या पानांच्या झाडाचं, पान चावलं तर तोंडात जळजळ होऊन सूज येते, तोही उंचावर ठेवा. कण्हेरीच्या जागी जास्वंद लावा, पाच-सहा तास ऊन असेल तर दुसरं काही शोधायची गरजच नाही. आणि कुणी काही खाल्लंच तर उलटी काढत बसू नका, पानाचा तुकडा घेऊन सरळ डॉक्टर गाठा, पिल्लाला प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : जुन्या आंब्याखाली लॉन लावलं, तिसऱ्यांदा मेलं. शेजारच्या काकू पिवळ्या फुलांची एक वेल द्यायला तयार आहेत, म्हणतात चार काड्या खोचा, महिन्याभरात जमीन झाकून टाकते, पाणी नाही मिळालं तरी चालतं. घेऊ का? जागा साधारण 12 चौरस मीटर आहे.

उत्तर : काकूंना नमस्कार सांगा आणि काड्या तिथेच ठेवायला सांगा. पान तीन टोकांचं आणि फूल डेझीसारखं पिवळं आहे ना? ते वेडेलिया. जगातल्या 100 सगळ्यात वाईट उपऱ्या आक्रमक जातींची आययूसीएनची, म्हणजे निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेची, जी यादी आहे त्यात ते आहे, आणि आपली लाडकी घाणेरी म्हणजे लँटाना पण. प्रत्येक पेराला मूळ फुटतं, तोडून फेकलेला तुकडा ओल्या जागी पडला की तिथेच नवीन संसार. मी हे पुस्तकातून सांगत नाहीये, मी स्वतः बारा वर्षांपूर्वी हौसेने चार काड्या आणल्या होत्या, अजून उपटतेय.

लॉन मरतं कारण त्याला ऊन हवं आणि आंब्याखाली ते नाहीच, शिवाय आंब्याची पाणी शोषणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात, तिथलं पाणी आधी आंबा पितो, उरलं तर लॉनला. चौथ्यांदा लावलं तरी हेच होणार.

सावलीत जमीन झाकायला मोंडो ग्रास, लिरिओपे नाहीतर साधा स्पायडर प्लांट लावा. मोंडो दिसायला सगळ्यात सुरेख पण फार हळू वाढतो, 20 सेंटीमीटरवर लावायचा म्हटलं तर चौरस मीटरला 25 म्हणजे तुम्हाला 300 रोपं लागतील. स्पायडर प्लांट 30 सेंटीमीटरवर लावला तर चौरस मीटरला 11, एकूण 130 च्या आसपास, आणि तो लोंबती पिल्लं देतो ती टेकली की रुजतात, म्हणून निम्मीच आणा आणि वर्षभर धीर धरा. मुळं तोडून वाफा खणू नका, मुळांच्या मधल्या फटीत खुरप्याने छोटे खड्डे करा. वरून मातीचा जाड थर तर मुळीच नको, मुळांना हवा लागते. रोपं भरेपर्यंत मधल्या जागेत आंब्याचीच वाळलेली पानं पसरा, फक्त खोडाला टेकवू नका. पहिलं वर्ष पाणी द्यावंच लागेल, "पाणी नाही मिळालं तरी चालतं" असं कुणी म्हणालं की मी तरी सावध होते.

प्रश्न : रस्त्याकडून घर दिसू नये म्हणून हेज हवीये. सहा महिन्यांत सहा फूट होईल असं सांगा.

उत्तर : जे सहा महिन्यांत सहा फूट होतं ते सातव्या महिन्यात थांबत नाही, दर पंधरा दिवसांनी कात्री घेऊन उभे राहाल. कुंती लावा, दोन-तीन वर्षं घेईल पण दाट होते आणि फुलते तेव्हा वास घरभर. तोवर बांबूची चटई बांधा. कापताना खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी रुंद ठेवा, नाहीतर खाली ऊन पोचत नाही आणि बुडाशी नुसत्या काड्या राहतात. बऱ्याच लोकांची हेज वरून हिरवी आणि खालून आरपार दिसते ती याच्यामुळेच.

प्रश्न : बोगनवेलीला रोज पाणी, महिन्याला युरिया, पानं हाताएवढी, फूल एक नाही.

उत्तर : लाड फार झाले. युरियाने पानंच येतात. बाय द वे, ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानंच असतात, खरं फूल म्हणजे आतली ती पांढरी बारीक नळी. सहा तास ऊन आहे ना? मग युरिया बंद, रोजचं पाणीही बंद, पानं जरा मलूल दिसली की मगच द्या, आणि महिन्याभराने कळवा.