वडील भारतीय आहेत एवढंच माहीत असलेल्या जर्मन मैत्रिणीने त्यांना कसं शोधावं?

तुम्ही लिहिलंय की मैत्रीण पश्चिम जर्मनीतली, १९९६ चा जन्म, आईची आणि त्या माणसाची ओळख तिकडेच युनिव्हर्सिटीत झाली, तो पुण्याहून शिकायला आलेला आणि मूल होणार हे कळायच्या आत परत गेलेला. हातात नाव, आडनाव आणि एक फोटो. आणि आता ती पुण्याचं तिकीट काढायच्या बेतात आहे.

तिकीट आधी थांबवा. फोटो घेऊन पुण्यात फिरून कोणी सापडत नसतं, आणि सापडलाच तर चारचौघांत सापडेल, ते त्याहून वाईट. सुरुवात जर्मनीतल्या कागदांपासून करायची.

तिकडे १ जुलै १९९८ च्या आधी लग्नाशिवाय झालेल्या मुलांच्या बाबतीत युगेंडआम्ट, म्हणजे तिथलं बालकल्याण खातं, आपोआप मुलाच्या बाजूने उभं राहायचं आणि बाप कोण हे ठरवायचं काम त्यांच्याकडेच असायचं. म्हणजे हिचा जन्म ९६ चा असेल तर हिच्या नावाची फाइल तेव्हा उघडलेली असणार. त्यात आईने तेव्हा काय सांगितलं, जन्मतारीख दिली का, पत्ता दिला का, की नाव सांगायलाच नकार दिला, असं काहीही असू शकतं. ती फाइल अजून ठेवली आहे का हे तिने स्वतः लेखी विचारावं. (आईला न दुखावता आईकडूनही परत एकदा सगळं काढून घ्या, ‘मला आठवत नाही’ यात बरंच काही आठवत असतं.) मग युनिव्हर्सिटी. ते पत्ता देणार नाहीत, प्रायव्हसीच्या बाबतीत तिकडे फार कडक, पण माजी विद्यार्थ्यांच्या विभागाला ‘माझं बंद पाकीट त्यांच्यापर्यंत पोचवाल का’ एवढं नक्की विचारता येतं.

डीएनए टेस्ट करावीच, पण अपेक्षा बेताच्या ठेवून. ॲन्सेस्ट्री ही डीएनए टेस्ट करून नातेवाईक जुळवणारी कंपनी बाहेरचा डेटा घेत नाही म्हणून टेस्ट तिथेच करायची आणि मग तोच डेटा डाउनलोड करून जेडमॅच आणि फॅमिलीट्रीडीएनए या तशाच दुसऱ्या साइट्सवर टाकायचा. भारतात बसून अशा टेस्ट करणारे कमीच, जे सापडतात ते बहुतेक अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमधले आपले लोक, पण कोणाचा तरी पुतण्या न्यू जर्सीत असतोच ना. आकडे सेंटीमॉर्गनमध्ये येतात, म्हणजे दोघांचा किती डीएनए सारखा आहे त्याचं माप, आकडा जितका मोठा तितकं नातं जवळचं. वडील असतील तर साधारण ३४०० च्या पुढे, सावत्र भाऊ-बहीण १७०० च्या आसपास, सख्खा चुलत किंवा आतेभाऊ ८५० च्या आसपास. दोनशेच्या खालच्या मॅचवर मात्र लगेच नाचू नका, कारण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं, काही समाजांत मामाच्या मुलीशीसुद्धा, त्यामुळे लांबचे लोकही जवळचे दिसतात. आणि पितृवंशाची म्हणून जी वेगळी वाय क्रोमोसोमची टेस्ट विकतात त्यावर तिने पैसे घालवू नयेत, वाय मुलीला मिळतच नाही.

आता इकडचं. मतदार यादी आपल्याकडे सार्वजनिक असते, विधानसभा मतदारसंघाप्रमाणे पीडीएफ मिळतात, त्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक असतो. वय ढोबळमानाने माहीत आहे म्हणजे गाळणी लागते. आडनाव जोशी, कुलकर्णी किंवा पाटील असेल तर मात्र देवच राखो. ‘पुण्याचा’ हेही जपून धरा, पुण्यात शिकलेला मुलगा मूळचा सांगलीचा किंवा नांदेडचा असू शकतो आणि आज तो ह्यूस्टनला असू शकतो. म्हणून मी तरी यादीच्या आधी लिंक्डइन बघेन. नव्वदच्या दशकात जर्मनीत शिकलेला माणूस ती डिग्री प्रोफाइलवर लिहिल्याशिवाय राहत नाही, आणि युनिव्हर्सिटीचं नाव टाकून शोधता येतं.

माझ्या मते खरी अडचण सापडल्यावर सुरू होते. हे मी त्या दुसऱ्या बाजूने बघितलंय. माझे एक काका तरुणपणी इंग्लंडला होते, तिथे त्यांना मुलगी आहे हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. तिने फेसबुकवर त्यांना शोधलं आणि ते उत्तर देईनात (मेसेज रिक्वेस्टमध्ये पडलेला, त्यांनी उघडलाच नव्हता) म्हणून तिने एकाच रात्री तोच मेसेज त्यांच्या मुलाला, सुनेला आणि काकूंच्या भावाला पाठवला. सकाळी स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर. काका सगळ्यांसमोर ‘मी हिला ओळखत नाही’ म्हणाले आणि एकदा असं बोलल्यावर शब्द मागे कसा घेणार? घरात पहिली चर्चा काय झाली माहितीये? कोथरूडचा फ्लॅट आणि गावची जमीन. आत्या म्हणाली हिस्सा मागायला आली असणार. एकट्या काकूंनी विचारलं, तिची आई आहे का अजून? आता काका बोलतात तिच्याशी, व्हिडिओ कॉलवर, अवघडत का होईना, पण मधली बरीच वर्षं उगाच गेली आणि ती फक्त मेसेज कोणाला गेला यामुळे.

तर पहिला मेसेज फक्त त्यांना. फोन तर अजिबात नाही, फोन जेवणाच्या टेबलावर उचलला जातो आणि माणूस ‘राँग नंबर’ म्हणून मोकळा होतो. लिंक्डइन किंवा ऑफिसची ईमेल बरी, ती सहसा बायको-मुलं उघडत नाहीत. घरच्या पत्त्यावर पत्र नको, आपल्याकडे पाकीट कोणाच्याही नावाचं असलं तरी ज्याच्या हाताला लागतं तो फोडतो. मजकूर छोटा: आईचं नाव, गाव, साल, तो जुना फोटो, माझा जन्म अमुक तारखेचा, तुम्ही माझे वडील असाल असा माझा अंदाज आहे, घरच्यांना मी काही कळवलेलं नाही आणि कळवणार नाही, सवडीने उत्तर द्या. मग गप्प बसायचं, महिने गेले तरी. फार तर एक आठवण.

पैशाचं वाक्य त्यात घालायचंच. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्यात लग्नाशिवाय झालेलं मूल फक्त आईशी नातं असलेलं धरतात, म्हणजे मृत्युपत्रात नाव असल्याशिवाय वडिलांच्या इस्टेटीवर तसाही हक्क लागत नाही, पण हे घरच्यांना कुठे माहीत असतं, त्यांना गोरी मुलगी दिसली की सातबारा दिसतो. ‘मला काही नको, फक्त ओळख आणि घराण्यात कोणाला काही आजार आहे का एवढं हवंय’ हे सरळ लिहावं.

कोर्टाचंही कोणीतरी सुचवेलच. रोहित शेखर विरुद्ध एन. डी. तिवारी ही केस तुम्ही ऐकली असेल, तिवारी म्हणजे काँग्रेसचे नेते आणि माजी मुख्यमंत्री, ते आपले वडील आहेत म्हणून रोहितचा २००८ ला दावा, २०१२ ला दिल्ली हायकोर्टात डीएनए रिपोर्ट उघडला, बाप तिवारीच निघाले, आणि तोंडाने ‘हा माझा मुलगा’ म्हणायला त्यांना २०१४ उजाडलं. त्या मुलाला आई पाठीशी होती, दिल्लीत घर होतं. जर्मनीत राहून हे लढवायचं म्हणजे पैसा आणि उमेद दोन्ही संपतात, मी तरी सुचवणार नाही.

यादीच्या पीडीएफमध्ये शोधताना अडलात तर मला मेसेज करा, मदत करेन. फक्त त्यांचं पूर्ण नाव किंवा तो फोटो इथे उघड टाकू नका.