प्रोफेशनल माणसानं लॅपटॉप किती इंचाचा घ्यावा, १३, १४ की १५.६? आणि डिझाइन कसं असावं?

प्रश्न वाचला आणि आधी माझा पुण्याचा दादाच डोळ्यासमोर आला. त्यामुळं उत्तर जरा लांबणार, घाई असेल त्यांनी पुढं जावं.

तुम्ही इंच विचारताय, पण बसता कुठं ते लिहिलंच नाही. मी टॅक्स कन्सल्टंट आहे, कोल्हापुरात, राजारामपुरीत वर घर आणि खाली ऑफिस. (मी बाई आहे आणि गेलो, आलो, बसलो असंच लिहिणार. आमच्याकडं बायका असंच बोलतात, कमेंटमध्ये कुणी व्याकरण शिकवू नये.) आठवड्यातले तीन दिवस तरी फिरतीवर असतो. मार्केट यार्डात गुळाची अडत दुकानं, उद्यमनगरात वर्कशॉप, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्या. टेबल-खुर्ची मिळेलच असं नाही. अडत दुकानात गादीवर मांडी घालून बसायचं, एका बाजूला गुळाचे रवे, दुसऱ्या बाजूला हिशेबपट्ट्यांचा गठ्ठा आणि लॅपटॉप मांडीवर. तेरा इंची लॅपटॉप मांडीच्या खळग्यात जातो हो, तो मांडीवर बसत नाही, आत पडतो. मोठा दोन्ही गुडघ्यांवर टेकून राहतो. हे कुठल्या रिव्ह्यूवाल्यानं सांगितलेलं मी तरी बघितलं नाही.

तर २०१८ च्या भाऊबीजेला दादानं तेरा इंची लॅपटॉप ओवाळणीत घातला. रुपेरी, सव्वा किलोचा, वहीगत पातळ. मनापासून दिला होता, त्यात वाद नाही. पण देताना म्हणाला, "तुला हलका बरा, बायकांच्या खांद्याला झेपेल असा." तिथंच माझं डोकं फिरलं. चौदा किलो दोनशे ग्रॅमची गॅसची टाकी, तीही भरलेली, तिचं लोखंड वेगळंच, जिन्यावरनं मीच वर नेतो, तेव्हा कुणाला खांदा आठवत नाही. आणि लॅपटॉप खांद्यावर असतोच कुठं? तो असतो मोपेडवर पायापाशी. वजनाची काळजी विमानतळावर चालणाऱ्यांनी करावी.

त्या लॅपटॉपला टाइप सीची दोन पोर्ट, बास. बाकी सगळ्याला डोंगल, म्हणजे जुनी यूएसबी, टीव्ही असलं काही जोडायचं तर मध्ये लावायचा वेगळा जोड.

आता २० नोव्हेंबर. जीएसटीवाल्यांना तारीख सांगायला नको, थ्रीबीचा, म्हणजे महिन्याच्या जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस, पोर्टल मुंगीच्या पावलानं चाललेलं. गोकुळ शिरगावची एक फौंड्री, प्रायव्हेट लिमिटेड, म्हणजे रिटर्नवर मालकांची डिजिटल सही लागणार. सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं असतं, त्यातच सही) मी कधीच माझ्याकडं ठेवत नाही, ज्याची सही त्याच्या खिशात. बाकीचे टोकन आणि पिन दोन्ही एका ड्रॉवरमध्ये ठेवतात, त्यांचं ते बघून घेतील. मालक रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघालेले, बॅग भरून तयार. मी म्हटलं, दहा मिनिटं द्या. आकडे बरोबर, चलन भरलेलं, फक्त सही राहिलेली. मालकांनी टोकन काढून दिलं. जुनं चौकोनी यूएसबीचं टोकन. मी बॅगेत हात घातला तर डोंगल नाही.

डोंगल घरी टीव्हीला. लेकीनं सकाळी कार्टून लावलं होतं.

मालकांनी लॅपटॉप हातात घेतला, या अंगानं बघितला, त्या अंगानं बघितला, उलटा केला आणि म्हणाले, "मॅडम, येवढं म्हागाचं मशीन आन् ह्याला एक भोक न्हाई?"

शेडमधली पोरं हसायला लागली. तिथला कॉम्प्युटर काजळीनं काळा झालेला, त्यावर सहीचं सॉफ्टवेअर टाकायचा प्रयत्न केला तर तो मध्येच बंद पडला. शेवटी ह्यांना फोन केला, ते बिचारे जेवत्या ताटावरनं उठून घरनं उजळाईवाडीमार्गे डोंगल घेऊन आले. सही झाली, मालकांना गाडी मिळाली. एक दिवस उशीर झाला असता तर लेट फी पन्नास रुपयेच होती, ते मी खिशातनं भरले असते. पण एकदाही उशीर झाला नाही ही माझी ऐट होती आणि ती एका डोंगलपायी जाणार होती. रात्री दादाला फोन केला तर म्हणतो, "अगं, सगळं जग टाइप सीवर चाललंय, तूच मागं राहिलीस." म्हटलं, जगाला सही करायची नसते रात्री आठला.

पुढं त्यानं मला २००८ ची मॅकबुक एअरची गोष्ट ऐकवली, स्टीव्ह जॉब्सनं कसा पाकिटातनं लॅपटॉप काढून दाखवला वगैरे. त्या मशीनलाही यूएसबी एकच होतं, पण एक होतं की! आणि पाकिटात मावणं हा गुण पत्राचा, लॅपटॉपचा कशापायी?

बरं, नमपॅड, म्हणजे कीबोर्डच्या उजव्या अंगाला असतात ती आकड्यांची वेगळी बटणं. टॅलीत, आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिवसाला तीनशे-चारशे एंट्र्या मारणाऱ्याला वरच्या ओळीतले आकडे दाबायला लावणं म्हणजे शिक्षा आहे. उजवा हात नमपॅडवर बघायचं न लागता चालतो. त्या तेरा इंचीवर एका पार्टीचं बँक स्टेटमेंट जुळेना, फरक २,७००. नऊनं भाग जातो म्हणजे आकडे उलटसुलट पडलेत हे अकाउंटवाल्याला लगेच कळतं, पण शोधायला दीड तास गेला. ७,४१० च्या जागी ४,७१० मारलेलं. माझ्याकडनं असलं कधी होत नव्हतं. दादा म्हणाला, वेगळा नमपॅड घे. घेतला. तो कुठं लावायचा? डोंगलला! वरनं एफ ५ दाबलं की पेमेंट व्हाउचर उघडायच्या ऐवजी स्क्रीन अंधारी. (एफएन आणि एस्केप एकदम दाबलं की बऱ्याच लॅपटॉपवर हे बदलतं, मला ते सहा महिन्यांनी लेकीनं दाखवलं. ही चूक माझी, लॅपटॉपची नाही.)

आता तुमचा इंचांचा प्रश्न. इंच म्हणजे स्क्रीनचा कोपरा ते कोपरा, त्यावरनं उंची कळत नाही, आणि लेजर, म्हणजे खातेवही, बघताना ओळी किती दिसतात ते उंचीवर. १५.६ ची नेहमीची लांबुळकी स्क्रीन, १६ बाय ९ ची (रुंदीला १६ भाग तर उंचीला ९), उंचीला १९.४ सेंटिमीटर. १४ ची १६ बाय १० ची १८.८. म्हणजे फरक सहा मिलिमीटर! तेवढ्यासाठी लोक मोठा घेतात आणि ओळ एखादीच जास्त दिसते. आणि १६ इंची, १६ बाय १० ची स्क्रीन रुंदीला १५.६ एवढीच, साडेचौतीस सेंटिमीटर, पण उंचीला साडेएकवीस. बॅग जवळपास तीच, ओळी जास्त. म्हणून मी मधली काही वर्षं जाड १५.६ वापरून आता १६ वर आलो, नमपॅडवाला, मॅट स्क्रीनचा (शेडमधल्या ट्यूबा चकचकीत स्क्रीनवर आरशागत दिसतात), जुनी यूएसबी दोन आणि चार्जिंग टाइप सीवर. हो, चार्जिंगला टाइप सी झकास आहे, एवढं दादाला दिलं. जुन्या १५.६ चा चार्जर अर्ध्या विटेएवढा होता.

पण सगळ्यांनी हाच घ्यावा असं नाही. वकील असाल, लिहिणारे असाल, दिवसभर अक्षरंच मारायची असतील तर नमपॅड नकोच. त्यानं सगळा कीबोर्ड डावीकडं सरकतो, टचपॅडही सरकतो आणि माणूस दिवसभर वाकडा बसतो. त्यांना १४ बरा. रोज एसटीनं किंवा चालत जाणाऱ्यालाही १४. आणि खरं सांगायचं तर दादाच्या त्या लॅपटॉपला पंखाच नव्हता, त्यामुळं फौंड्रीची धूळ आत गेली नाही. माझ्या १५.६ चा पंखा दर सहा महिन्यांनी उघडून झाडायला लागायचा, एकदा तर दुरुस्तीवाल्यानं आतनं चिमूटभर काळी वाळू काढून कागदावर दाखवली. तुम्ही दुकानात जाल तेव्हा रोज जे जे जोडता ते सगळं पिशवीतनं घेऊन जा आणि तिथंच जोडून बघा. सेल्समन तोंड वाकडं करतो, करू दे.

गेल्या मे महिन्यात दादाकडं गेलो होतो. वर्क फ्रॉम होम चाललेलं. टेबलावर २७ इंची मॉनिटर आणि त्याचा तो पातळ लॅपटॉप बाजूला मिटून, चार वायरींनी जखडलेला, दावणीच्या म्हशीगत. पुढ्यात वेगळा कीबोर्ड, आणि त्याला नमपॅड. म्हटलं, दादा, हे काय रे? तर म्हणतो, ते ऑफिसनं दिलंय.

तो तेरा इंची आता लेक कॉलेजला नेते, तिला लई आवडतो, कुणाला हात लावू देत नाही. डोंगल अजून टीव्हीलाच आहे.